मंगळावर डबा कोणी उचलायचा?

मी मंगळावर जाऊन आले. आमच्या वस्तीतून माझ्याआधी तिकडे कोणी गेलेलं नाही आणि ज्यांनी खरं तर जायला हवं असे पुष्कळ लोक घरीच बसून आहेत, म्हणून लिहिते आहे. विश्वास बसत नसेल तर माझे केस पाहा. तीनदा धुतले तरी लाल मुरूम निघतोच आहे.

आधीच सांगून टाकते, मी या सफरीच्या विरुद्ध होते. मनातल्या मनात नव्हे, छापून विरुद्ध. नागपुरातल्या एका विज्ञान मंडळाने जाहीर केलं की पाच तरुण मंडळी एका बंद पडलेल्या खदानीत आठवडाभर राहतील आणि माणसं मंगळावर गेलीच तर तिथे कशी खातील, झोपतील, भांडतील ते करून पाहतील. नेमका त्याच आठवड्यात आमच्या वस्तीचा नळ कोरडा होता. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल केलं आणि सदरच्या चौकात उभी राहून वाटलं. मथळा : ‘इथे नळाला पाणी नाही, यांना मंगळ हवा!!!’

त्यातलं एक पत्रक मंडळाच्या सरांच्याच हातात पडलं. सर म्हणजे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे, बारीक, चष्म्याच्या काचा सतत सदऱ्याला पुसणारे गृहस्थ. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “भाषा जोरदार आहे. पण तुम्ही खदान पाहिलेली नाही. आमची एक मुलगी ऐनवेळी नाही म्हणाली. येता का?”

“आले तर परत येऊन विरोधातच लिहीन.”

“लिहा. कागद तुमचा आणा.”

म्हणून मी गेले. दुसऱ्या पत्रकाचा मसाला गोळा करायला.

घरी आईने दोनच प्रश्न विचारले. “तठी पोरी किती?”

“मी धरून दोन.”

“अन् पाणी?”

“माणशी मोजून.”

“मंग इथल्यासारखंच हाय,” आई म्हणाली. “जाय.”

इतवारी

मंगळाची खरेदी इतवारीच्या बाजारात होते. माधवी आणि सलीम माझ्याबरोबर होते. माधवी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, इतकी हळू बोलणारी की दुकानदार तिला नेहमी शेवटी विचारत. सलीम मोटारींचं वायरिंग करतो आणि कोणतीही वस्तू आधी उलटी करून पाहतो. आम्ही झाकणाचे डबे, कंदील, ताडपत्री आणि दोरखंड घेतला. भांडेवाल्याने विचारलं, “लगन कोणाचं?”

“लग्न नाही, मंगळावर चाललो,” सलीम म्हणाला.

“मग हे घ्या,” त्याने जाड झाकणाचे डबे पुढे केले. “तिकडे धूळ असन.”

नागपूरच्या दुकानदाराला कशाचं नवल वाटत नाही, हे मला तिथे पक्कं कळलं.

खाण्यात सांडगे, मुगाच्या वड्या, कुरडया, शेवया, सातू, डाळ, तिखट आणि ज्वारीचं पीठ. परदेशी अंतराळवीर म्हणे नळीतून अन्न पिळून खातात. आपल्या बायका दर उन्हाळ्यात गच्चीवर वर्षाचं वाळवण घालतात, त्यांना कोणी अंतराळशास्त्रज्ञ म्हणत नाही. हे पहिल्याच दिवशी पत्रकासाठी टिपून ठेवलं.

पोशाख खताच्या पोत्यांचे शिवले होते. डोक्याला जुनी मोटारसायकलची हेल्मेटं आणि तोंडासमोर एक्स-रेच्या फिल्मा, ऊन कमी लागावं म्हणून. मला कोणाची तरी छाती मिळाली. त्यामुळे मंगळाचं पहिलं दर्शन मी बरगड्यांच्या आतून घेतलं. सांगते, सुंदर होतं.

खदान

जाण्याच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. टेम्पो, वर्धा रोड, नाकात धूळ. बुटीबोरीच्या थोडं अलीकडे टेम्पो वळला आणि एकदम समोर जमीन संपली. खाली लालभडक मुरमाची खोल परात. गवताची काडी नाही, पाखरू नाही. कडेच्या वर संत्र्यांच्या बागा हिरव्यागार आणि खाली हा उघडा ग्रह. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण तोंडातून ‘अय्या’ निघालं. त्याबद्दल मी स्वतःवर संध्याकाळपर्यंत नाराज होते.

तळाशी पत्र्याची खोली, मध्ये पडदा, एकीकडे आम्ही दोघी, दुसरीकडे तिघे. दाराला एकामागे एक दोन ताडपत्र्या. पहिली लावल्याशिवाय दुसरी उघडायची नाही, नाहीतर आपण सगळे मेलो असं समजायचं. वर कडेवर तंबूत सर, म्हणजे पृथ्वी. पृथ्वीशी ओरडून बोलायचं नाही. चिठ्ठी डब्यात, डबा दोरीने वर. पण तिथे गजराचं घड्याळ लावायचं आणि घंटी होईपर्यंत डबा उघडायचा नाही, कारण मंगळावरून निरोप पोचायला वेळ लागतो. उत्तर आलं की खालीही तसंच. घंटी होईपर्यंत आपण काय रागाने लिहिलं ते आठवत बसायचं. पत्रकबाजीची सवय असलेल्या माणसाला ही शिक्षा आहे.

आत जाण्याआधी सर शेवटच्या सूचना देत होते. पडद्यामागे संडासाचा झाकणाचा डबा होता, तो रोज दूरच्या खड्ड्यात रिकामा करायचा. सर म्हणाले, “त्याची काळजी करू नका. सकाळी नत्थू येईल.”

“नत्थू कोण?” मी विचारलं.

“स्टेशनजवळच्या वस्तीतला सफाईवाला. मागच्या पायवाटेने येईल, डबा नेईल, जाईल. त्याला प्रयोगात धरायचं नाही.”

झालं. मी तिथेच सुरू झाले. “सर, ज्या ग्रहावर अजून एक जंतू सापडलेला नाही तिथे तुम्ही सफाईवाला आधीच पोचवलात! हवा न्यायला विसरलं तर आठवेल, पाणी विसरलं तर आठवेल, पण आपली घाण दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची हे मात्र इथून पाठ करून न्यायचं?”

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. “हे माझ्या डोक्यात आलंच नाही,” ते म्हणाले. वाद घालतील म्हणून मी पुढची चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती वाया गेली.

तिथल्या तिथे ठरलं. कामं पाच, माणसं पाच. कप्तान, स्वयंपाक, पाणी मोजणं, हवामानाच्या नोंदी आणि डबा. रोज दुपारी कामं बदलायची, कप्तानसुद्धा. पहिला डबा मी घेतला. आमच्या आजोबांपर्यंत गावची मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्याकडे होतं. माझ्या आईबापांनी दीक्षा घेतली आणि ते कायमचं सोडलं. पण सोडलेलं काम दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं नसतं.

नत्थूभाऊ

सकाळी मी पोशाखात, हातात डबा, श्वास धरून खड्ड्याकडे चालले होते. समोरून एक उंच, पिळदार मिशांचा माणूस आला आणि वाटेत आडवा उभा राहिला.

“काहून वं बाई, माहं काम कुठं घेऊन चालली?”

मी त्याला समजावलं. माणुसकी, समता, श्रमाची प्रतिष्ठा. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, “हे मले कोणी इचारलं?”

त्याचं बरोबर होतं. माझं वाक्य न् वाक्य खरं होतं, फक्त त्यातलं एकही त्याला विचारून झालं नव्हतं. सरांनी वरून नियम मोडून ओरडून सांगितलं की तुझी मजुरी मिळेल. त्यावर तो आणखी भडकला. “बसून मजुरी घेऊ? वस्ती म्हणन नत्थू बिमार पडला!” आणि तो खदानीच्या काठाच्या सावलीत ठाण मांडून बसला. तिथून दिवसभर आमची मंगळावरची चाल पाहून हसत होता. “असे चालते का अंतराळात? बदकं हाय का बे तुमी?”

दुसऱ्या दिवशी डबा दिनकरकडे आला. दिनकर इंजिनीयरिंगचा, गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे. आदल्या संध्याकाळी तो म्हणाला होता की विज्ञानासाठी वेळ आली तर प्राण देईन. वेळ आली ती डब्याची आली. तो पडद्यामागे गेला, झाकण उचललं, झाकण ठेवलं, आणि पोट दुखतं म्हणून दोरीच्या शिडीने पृथ्वीवर निघून गेला.

तासाभरात सरांचा निरोप. खर्च देणाऱ्या शिक्षणसंस्थेची अट अशी की शेवटपर्यंत पाच जण हवेत. चार उरले तर प्रयोग फसला असं मानून पुढल्या वर्षीपासून खदानीतला हा उपक्रम बंद. पद्माकरचं तोंड उतरलं. पद्माकर शेतकी कॉलेजातला, मुरमात हरभरा उगवायचा ध्यास घेऊन आलेला, आणि त्याच्या मुरमाच्या डब्यात मोड आणून पेरलेल्या हरभऱ्याचा नुकता एक कोंब वर आला होता.

मी बाहेर गेले. नत्थूभाऊ सावलीतच होते.

“नत्थूभाऊ, आमच्यात येता का? पाचवे?”

“काय कराले?”

“जे सगळे करतात ते.”

त्यांनी मिशीवर हात फिरवला. “ते टोपी भेटन?”

“भेटन.”

“कप्तान भी बनन?”

“नंबर आला की.”

“अन् डब्बा?”

“तोही नंबरानं. पाच दिवसांतून एकदा.”

“पाचातून एकच?” ते आधी हसले, मग इतके हसले की खाली बसले. “बाई, मंगळ चांगला हाय वं!”

पहिला निरोप त्यांनी बायकोसाठी सांगितला, मी लिहिला : ‘गिरजाले सांगा, मी मंगळावर हावो, घरी येत नाई. शेवटच्या दिवशी सगळी वस्ती घेऊन ये, मी वर्दीत निघून राहिलो.’ सरांना उत्तर लिहिलं : ‘पाच पूर्ण.’

मंगळावरचं राहणं

दिवस असे जात. पहाटे थंडीने दात वाजत, दुपारी पत्रा तापे. नाडी मोजायची, तापमान मोजायचं, दगड गोळा करायचे आणि संध्याकाळी मोटारीच्या बॅटरीवरचा सलीमचा एकुलता दिवा लावून सगळ्यांनी एकाच वेळी बोलायचं. अंघोळ नाही. पाणी मापून. पहिल्यांदा मला वाटलं यात मी सगळ्यात तरबेज ठरेन, पण माधवी एका पेल्यात तोंड, हात, पाय आणि रुमाल धुवायची. मी तिला गुरू केलं.

नत्थूभाऊ अंतराळवीर म्हणून अगदी सुमार निघाले. थर्मामीटर उलटं धरत. पत्त्यांत सर्रास फसवत आणि पकडले की म्हणत, “मंगळाचे कायदे अलग हाय.” हेल्मेट मात्र जेवतानाही काढायचे नाहीत. फिल्म वर सरकवून घास आत.

काठावर आता रोज बघे जमत. त्यांना आमची दया येई. आठवडाभर वाळवण खाणारी माणसं बघून वैदर्भी माणूस गप्प कसा बसेल? एका दुपारी धप्पकन एक संत्रं खाली येऊन पडलं. मग दुसरं. नियम स्पष्ट होता, पृथ्वीवरून पाठवलेलं खाणं बंद. मी ते परत पाठवा म्हणाले. पद्माकर म्हणाला, नियमात ‘पाठवलेलं’ अन्न आहे, आकाशातून आपोआप पडलेलं नाही. हे उल्का या सदरात येतं. सभा भरली, मतदान झालं, उल्का सोलल्या गेल्या. विरोधात मत देऊनही मी माझ्या फोडी खाल्ल्या. गोड होत्या. दुसऱ्या दिवशी उल्कावर्षाव झाला.

मग नत्थूभाऊंच्या स्वयंपाकाचा दिवस आला. त्या दिवशी मी फौजदारासारखी बसले होते. कोण घास उचलताना थांबतं, कोण ‘भूक नाही’ म्हणतं, मला पाहायचंच होतं. नत्थूभाऊंनी जन्मात चूल पेटवली नव्हती. माधवीने भाकरी कशी थापायची ते दाखवलं. यांच्या भाकरीला जिल्ह्याच्या नकाशासारखे काठ. डाळ लालबुंद.

पद्माकरने घास घेतला आणि थांबला. डोळे खाली. ताट बाजूला सरकवलं. माझ्या अंगात आग भरली. मी मनात मथळासुद्धा बांधला. “काय झालं पद्माकर? बोल ना सगळ्यांसमोर!”

तो बोलायचा प्रयत्न करत होता. तोंडातून फक्त “पा... पा...” येत होतं. मग मी स्वतः घास घेतला. मोठ्या चिमटीने घालायचं तिखट त्यांनी वाटीने घातलं होतं. मग आम्ही पाचही जण, कोणातही भेद न करणारं आणि सगळ्यांना सारखं रडवणारं ते जेवण, उद्याच्या मापातलं पाणी पिऊन जेवलो. भाकरी एकही उरली नाही. नत्थूभाऊ डोळे पुसत म्हणाले, “पहिल्यांदाच करून राहिलो ना. थोडं कमी पडलं असन.”

गिरजाबाई रोज संध्याकाळी काठावर येई. उंच, काटक बाई. ओरडायला मनाई म्हणून नुसती पदर कमरेला खोचून उभी राही. नत्थूभाऊ तिच्यासाठी खास चंद्रावरच्यासारख्या संथ उड्या मारून दाखवत.

कप्तान

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी कप्तानपद नत्थूभाऊंकडे आलं. उद्या सकाळी बाहेर पडेपर्यंत तेच कप्तान. पहिला हुकूम : सगळ्यांनी झोपायचं. दुसरा हुकूम : “रंजनाबाई दोन घंटे भाषण देणार नाई.” बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हुकूम पाळला. मला नियम कळतात.

संध्याकाळी चिठ्ठीचा डबा खाली आला. घंटी झाली. चिठ्ठी मी मोठ्याने वाचली, कारण चिठ्ठ्या वाचायचं काम माझंच होतं.

‘उद्या संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. त्यांच्याकडे दिलेल्या नावांत दिनकरचं नाव आहे. तो सकाळी मागच्या वाटेने खाली येईल. त्याने पोशाख घालून तुमच्याबरोबर वर यावं. नत्थूने मागच्या वाटेने घरी जावं. त्याचे आभार मी स्वतः मानीन. पुढल्या वर्षीचा विचार करा.’

नत्थूभाऊ म्हणाले, “आभार कुठं मानन? मागच्या वाटेवर?”

मी पेन उपसलं. पद्माकर हळूच म्हणाला, “पण खदान बंद झाली तर...” आणि कोंबाकडे पाहून वाक्य सोडून दिलं. सलीमने तोड काढली. फिल्मांमुळे आत कोण हे कळत नाही, आपण पाचही जण हेल्मेट घालून जाऊ, नत्थूभाऊ दिनकरच्या नावाने, अध्यक्षांना काय समजणार?

“नाई,” नत्थूभाऊ म्हणाले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी आपणहून हेल्मेट काढलं. “तोंड झाकून तं मी रोजच जातो. उद्या माही वस्ती येऊन राहिली. मी तोंड उघडं ठेवून जाईन, नाईतं जाणारच नाई.”

“कप्तान तुम्ही आहात,” माधवी म्हणाली. इतक्या मोठ्याने की आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. “तुम्ही सांगाल ते लिहू.”

त्यांनी विचार केला, मिशी ओढली. “लिव्हा. दिनकरभाऊले येऊ द्या. आपल्याले कोणाची मनाई नाई. पण त्यायचा त्या दिवशीचा नंबर बाकी हाय. उद्याचा डब्बा त्यायचा. डब्बा नेला, का मंग सहा जण वर येऊ. मी पुढं.”

मी एक शब्दही वाढवला नाही. चिठ्ठीचा डबा वर गेला. वर घंटी झालेली ऐकू आली. उत्तर काही आलं नाही.

वर

सकाळी मागच्या पायवाटेने दिनकर आला. इस्त्रीचा सदरा, चेहरा पांढरा. “सरांनी चिठ्ठी वाचून दाखवली,” तो म्हणाला, “आणि म्हणाले, जायचं तर अटीसकट जा.” मग कोणाकडे न बघता त्याने बाह्या वर केल्या. खड्ड्यापर्यंत दोनदा थांबला, एकदा ओकला, पण डबा सोडला नाही. परत आल्यावर नत्थूभाऊंनी आपल्या मापातलं पाणी त्याच्या हातावर ओतलं. “बरं नेलं. पण झाकण दाबून धराचं असते.”

सहावं हेल्मेट नव्हतं. दिनकर उघड्या डोक्यानेच आला.

शिडीवरून सगळ्यात आधी कप्तान चढले आणि वर पाय ठेवताच त्यांनी हेल्मेट काढून बगलेत धरलं. पलीकडे त्यांची वस्ती उभी होती, पोरांसकट. डफडं वाजायला लागलं. अध्यक्षांच्या हातात पाच हार आणि समोर सहा माणसं. ते नावं वाचायला लागणार तोच सरांनी माइक ओढून घेतला.

“नावांत एक चूक आहे,” सर म्हणाले. “ती माझी आहे. दिनकर दुसऱ्या दिवशी वर आला. या मोहिमेचे पाचवे सदस्य आणि आजचे कप्तान...” इथे ते अडले. माइकवर हात ठेवून त्यांनी विचारलं, “तुमचं पूर्ण नाव काय हो?”

नत्थूभाऊंनी त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतःच माइकमध्ये तोंड घातलं. “नत्थू छोटेलाल समुंद्रे!” माइक किंचाळला. वस्तीही किंचाळली. अध्यक्षांचे हात हार घेऊन आधीच वर गेलेले होते, ते कुठे तरी उतरवायलाच हवे होते, ते उतरले.

पाचवा हार पद्माकरला मिळाला, दिनकर बिनहाराचा राहिला आणि त्याने तो मागितला नाही. पुढल्या वर्षी खदान चालू राहील का, हे संस्थेने अजून सांगितलेलं नाही. बंद केली तर माझं पत्रक तयार आहे. पहिल्याच्या अगदी उलट, तेही तीन उद्गारचिन्हांसकट.

गर्दीतून गिरजाबाई आली. नवऱ्याच्या हाराकडे तिने पाहिलं नाही. माझा दंड धरून म्हणाली, “बाई, खरं सांग वं. यानं सैपाक केला?”

“केला.”

“भाकरी भी?”

“भाकरीही.”

“अन् तुमी लोकायनं खाल्ल्या?”

“सगळ्यांनी. एकही उरली नाही.”

तिने पदराने तोंड पुसलं. मग नवऱ्याकडे वळली.

“चाल मंग घरी. पीठ काढून ठेवलं हाय.”

कप्तानांनी हेल्मेट परत डोक्यात घातलं.